पन्नासाव्या दिवसाचा आंबा

नाकाबंदीत पिशवीबद्दल विचारलं तर काय उत्तर द्यावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मे महिन्याची दुपार होती. गडचिरोलीकडून आत जंगलात जाणारा रस्ता, मोटारसायकलच्या हँडलला कापडी पिशवी आणि पिशवीत पतंगाच्या लाल-पिवळ्या कागदाच्या, मी आणि बायकोनं कातरलेल्या ज्वाळा. पोलीस कॅम्पासमोर एका जवानानं हात दाखवला. पोरगा सभ्य होता.

"पिशवीत काय हाय, भाऊ?"

माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचा धडा फिरत होता. मी म्हणालो, "आग आहे."

त्यानंतर मी बराच वेळ कडुनिंबाखाली बसलो होतो. ज्वाळा एकेक करून बाहेर निघाल्या, उलटसुलट करून पाहिल्या गेल्या. हे डोक्यावर लावायचं असतं, असं मी समजावून सांगितलं. कोणाच्या डोक्यावर, असं त्यानं विचारलं. "लहान पोरांच्या," मी म्हणालो. शेवटी आतून साहेब आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही फादर आहात का?"

"नाही साहेब, मला बायको आहे."

"मग कोण?"

हा प्रश्न मला गेली वीसेक वर्षं लोक विचारत आले आहेत, म्हणून इथंच उत्तर देऊन टाकतो. मी केटेकिस्ट आहे. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, फादर करतात. त्या उपासनेचा अर्थ लहान मुलांना समजावून सांगण्याचं काम केटेकिस्ट करतो. शाळेतल्या मास्तराला उन्हाळ्याची सुट्टी असते, फादरला मान असतो, केटेकिस्टाला मोटारसायकल असते. आमचं मुख्य चर्च तालुक्याच्या गावी आहे. तिथून आत जंगलात टोले, म्हणजे लहान वस्त्या आहेत, आणि एकेका टोल्यावर आमची दोन-चार, कुठं आठ-दहा घरं. रविवारी तिथं जायचं, पोरं गोळा करायची आणि तासभर शिकवायचं. बाकीचं गाव आपापल्या देवाचं. त्यांची पोरंही गाणी ऐकायला येऊन बसतात, त्यांना कोणी उठवत नाही. मोठी माणसं येता-जाता विचारतात, "काय सर, आज काय सांगून राह्यले?" मी सांगतो. ते ऐकतात आणि बैल सोडायला जातात. यापलीकडं काही घडत नाही. शहरातल्या लोकांना मात्र यापलीकडं बरंच काही घडतं असं वाटतं. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

तर त्या कागदाच्या ज्वाळा पेन्टेकॉस्टच्या धड्यासाठी होत्या. पेन्टेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस. येशू गेल्यावर त्याचे शिष्य भिऊन एका घरात बसले होते. एकाएकी सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, आगीच्या जिभा दिसल्या आणि त्या प्रत्येकाच्या डोक्यावर येऊन स्थिरावल्या. तो पवित्र आत्मा. मग शिष्यांची भीती गेली आणि ते बाहेर येऊन बोलू लागले. गोष्ट इतकीच. मी ती वर्षानुवर्षं सांगत होतो आणि माझ्या मते बरी सांगत होतो.

पण ही गोष्ट थंड मुलखातल्या माणसासाठी असावी. आमच्याकडं हा सण मे अखेरीला नाहीतर जूनच्या तोंडावर येतो. टोल्यावरच्या आमच्या चॅपलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचं, छप्पर टिनाचं. त्याच्याखाली बसून, घाम पुसत, मी त्या रविवारी पोरांना म्हणालो, "विचार करा, जोराचा वारा सुटलाय आणि आकाशातून आग आपल्या डोक्यावर उतरतेय. कसं वाटेल?"

"लू लागन, सर," एक पोरगी म्हणाली.

"खिशात कांदा ठेवा लागते," दुसऱ्यानं उपाय सांगितला.

"त्या शिष्याईनं कांदा ठेवला नाई का, सर?"

त्यावर त्यांच्यात चर्चा सुरू झाली की बारा जणांना किती कांदे लागले असते आणि झग्याला खिसा असतो का. मी ज्वाळा पिशवीतून काढल्याच नाहीत. आधी मी माजरीच्या कोळसा खाणीच्या बाजूला होतो. तिथली पोरंही आग म्हटलं की नाक मुरडायची. ज्या मुलखात माणसं उन्हाला भिऊन दारं लावून बसतात, तिथं आग आणि वारा ही देवाची भेट म्हणून खपवायची, म्हणजे केटेकिस्टाचीच परीक्षा.

पुढच्या वर्षी म्हटलं, दुसऱ्या बाजूनं जाऊ. शिष्य घरात बसले होते हे ठीक, पण बाहेर देशोदेशीचे एवढे लोक यरुशलेमेत कशाला जमले होते? माझ्याजवळची जुनी टिपणं काढली. उत्तर तिथंच होतं, मीच कधी पोरांना सांगितलं नव्हतं. तो यहुदी लोकांचा सुगीचा सण होता. गहू निघाला की नव्या पिठाची भाकर आधी देवापुढं ठेवायची. नवं पीक घेऊन लोक गावोगावहून आले होते आणि त्याच दिवशी आत्मा आला.

हे सांगितल्यावर रोशनीनं हात वर केला. रोशनी कुमरे, दहा वर्षांची, गोंड घरची. तिचे आई-वडील लग्नाआधीपासून आमच्या चर्चमध्ये आहेत. चुलते, मामा, आत्या सगळे गावाच्या देवाचे.

"म्हणजे पंडुम, सर?"

पंडुम म्हणजे तिकडच्या बोलीत सण. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय गावात कोणी नवा आंबा तोंडात घालत नाही. गायता, म्हणजे गावचा पुजारी, आधी देवाला देतो, मग गाव खातं. झाडाखाली आंब्यांचा सडा पडलेला असला तरी पोरं हात लावत नाहीत. मी स्वतः पाहिलंय.

"हो," मी म्हणालो, "पंडुमच."

सगळ्या वर्गाच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला स्वतःचा हेवा वाटला. कांद्याचं नाव कोणी काढलं नाही. त्याच वर्षी रोशनी आणि आणखी काही मुलं पहिलं कम्युनियन घेणार होती. मिस्सामध्ये जी पवित्र भाकर देतात ती पहिल्यांदा घ्यायची, हा आमच्या मुलांच्या आयुष्यातला मोठा दिवस. आमच्या चर्चनं तो पेन्टेकॉस्टलाच ठरवला होता. मी पोरांना म्हणालो, बघा, सण नव्याचा आणि तुमचंही पहिलं खाणं त्याच दिवशी. बोललो आणि विसरलो.

यानंतर मला राग आला तो आजतागायत गेला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं कम्युनियन घेण्याआधी मुलांची तोंडी परीक्षा होते. ती मे महिन्यात ठेवतात, कारण वर्षाचं वेळापत्रक करणाऱ्यांच्या मते मे महिन्यात पोरं रिकामी असतात. कूलर लावलेल्या घरातली असतीलही. टोल्यावर मे म्हणजे तेंदूपत्ता. विडीचं हे पान जंगलात फार थोडे दिवस चांगलं असतं, आणि तेवढ्या दिवसांत सारं घर राबतं. अंधारात निघायचं, वाघाची भीती म्हणून घोळक्यानं राहायचं, ऊन चढायच्या आत भारे घेऊन परतायचं. मग दुपारभर घरात बसून पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी ती फडावर, म्हणजे पानं गोळा करून वाळवतात त्या मोकळ्या जागेवर, न्यायची. लहान हात पुडकी भराभर बांधतात. या दिवसांत रविवार नसतो. आमच्या बैठकीत दरवर्षी एक वाक्य म्हटलं जातं, "जंगलातल्या मुलांना धर्मशिक्षणाची आवड कमी आहे." म्हणणारा पंख्याखाली असतो आणि विडी न ओढणारा असतो.

मी वर्गच फडावर नेला. पुडकी मोजून होईपर्यंत पोरं मोकळी असायची, तेवढ्यात शिकवायचो. तिथंच एका संध्याकाळी रोशनीची आई, शेवंताबाई, माझ्याजवळ आली.

"सर, तुमी पोरीले काय सांगतलं? आंबे खाऊन नाई राह्यली."

"म्हणजे?"

"गावचा पंडुम होऊन किती दिवस झाले. सगळी पोरं जंगलात आंबे चोखत फिरतेत. हे नुसती पायते. म्हणते, माहा पंडुम अजून झाला नाई. येशूचं नवं खाल्ल्यावर खाईन."

मी रोशनीकडं पाहिलं. ती पुडक्याची गाठ दातानं ओढत होती. मी एवढी वर्षं शिकवतोय. उपवासाच्या दिवशी मी स्वतः सकाळी दहाला घड्याळ पाहायला लागतो. या पोरीनं भर हंगामात, आंब्याच्या झाडाखालून रोज दोनदा जात असताना, कोणी न सांगता हे धरलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिचे वडील दसरूभाऊ दिवसाचं पान सोडून तिला घेऊन तालुक्याला आले. परीक्षा घेणार जोसेफसर. हे आमच्या धर्मशिक्षण समितीचे प्रमुख, हिशेबाच्या नोकरीतून निवृत्त. माणूस वाईट नाही. कोणी आजारी पडला तर आधी तेच पोहोचतात. वाईट असते तर मला एकदा भांडून मोकळं होता आलं असतं. त्यांच्या हातात छापील प्रश्नोत्तरं होती. पेन्टेकॉस्ट म्हणजे काय, याचं पुस्तकातलं उत्तर आहे, 'ख्रिस्तसभेचा वाढदिवस', म्हणजे चर्चचा. तालुक्याची पोरं ते पाढ्यासारखं म्हणून गेली. मग रोशनी उभी राहिली.

"पेन्टेकॉस्ट म्हणजे काय?"

"नवं खायचा सण, सर."

"काय?"

"नवं पिकलं का पयले देवाले देतेत. मंग सगळे खातेत. लय गावचे लोक नवं घेऊन जमले होते. तवाच आत्मा आला."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिवलं नाई, सर. आमच्या गावात करतेत."

जोसेफसरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या पालीकडं पाहिलं. ते रोशनीला म्हणाले, "बाळ, तयारी नीट झालेली नाही. हजेरीही कमी आहे. पुढच्या वर्षी ये."

रोशनी जागची हलली नाही. "मंग आंबा?" तिनं विचारलं.

"कसला आंबा?"

मग मला सांगावं लागलं. मला वाटलं होतं, ऐकून त्यांचं मन पाघळेल. ते म्हणाले, "ही तर अंधश्रद्धा झाली. आणि ती तुम्ही शिकवलीत?"

फादरच्या ऑफिसात मी पोहोचलो तेव्हा माझा आवाज माझ्या आधी पोहोचला होता. आमचे फादर केरळचे, तरुण, हळू बोलणारे. त्यांनी खुर्ची पुढं केली. "मास्टर, बसा ना. चाय घ्या. आवाज थोडा कमी."

"आवाज कमी होणार नाही, फादर. उत्तर चुकलं असेल तर ते माझं आहे. मला नापास करा."

मागून आलेले जोसेफसर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला कसं नापास करणार? तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत."

याला उत्तर नसल्यामुळं मी आणखी जोरात बोललो. म्हणालो, हजेरी कमी आहे म्हणता, मग परीक्षा तेंदूच्या हंगामात कोणी ठेवली? तुमच्या नातवाला ट्यूशनची परीक्षा असली की वर्गाची वेळ बदलते. हिच्यासाठी एक रविवार तरी कोणी सरकवला का? वाढदिवस म्हणे. कोणाचा वाढदिवस, कसला, हे एका तरी पोराला विचारा. केक मिळणार का, एवढंच विचारतील. या पोरीला एका भाकरीची एवढी वाट पाहावीशी वाटते, तिला तुम्ही वर्षभर लांब ठेवणार, आणि कशासाठी, तर तिनं चर्चचं सोडून गावचं उदाहरण दिलं म्हणून? येशूनं काय दिलं होतं? पेरणारा, बी, अंजिराचं झाड. तो पुस्तक उघडून बसला होता का?

भाषण बरं झालं होतं, पण माझा चहाचा कप फादरच्या कागदांवर कलंडला. आम्ही तिघंही पुसत बसलो. पुसत असताना माणसाला फार काळ चिडून बोलता येत नाही.

दसरूभाऊ दाराशी उभे होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "सर, आमच्यापायी भांडू नका. तुमची नोकरी जाईन."

"जाऊ द्या."

"तसं नाई. गावात भाऊबंद इचारतीन, पोरीचं काय झालं? नापास झाली सांगतलं का हासतीन. माहा भाऊ तर म्हणनच, तुहा देव खाऊ घालाच्या आंधी परीक्षा घेते का? आमचा नाई घेत."

दसरूभाऊ एवढंच बोलले. माझ्या भाषणात असलं वाक्य एकही नव्हतं. ते फादरनी ऐकलं असावं, कारण त्यांनी रोशनीला आत बोलावलं. ती टेबलापुढं हाताची घडी घालून उभी राहिली.

"आंबा खाल्ला नाही?"

"नाई, फादर."

"मन नाही झालं?"

"होते ना. रोजच होते."

"मग?"

"पयले ते घ्याचं हाय ना."

फादरनी ओला कागद उन्हात धरावा तसा खिडकीपाशी धरला. मग म्हणाले, "रविवारी सफेद फ्रॉक आहे?"

"नाई. निळा हाय."

"निळा चालेल."

जोसेफसरांनी पुस्तक मिटलं. "मग परीक्षा घ्यायची तरी कशाला?" ते दुखावून म्हणाले. मी इतकी वर्षं जो प्रश्न विचारायचा म्हणत होतो, तो नेमका त्यांनी विचारला, आणि मी पुन्हा काहीतरी बोलणार तेवढ्यात फादरनी माझ्या हातात चहाचा दुसरा कप दिला.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी पांढऱ्या फ्रॉकांच्या रांगेत शेवटी एक निळा फ्रॉक होता. रोशनीची पाळी आली तेव्हा मी खांबाच्या आड गेलो. मला घाम फार येतो, डोळ्यांत जातो. ती परत येऊन बसली तेव्हा दसरूभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

इथं सगळं गोड करून संपवलं असतं, पण मिस्सानंतर फादरनी मला दारात गाठलं. "मास्टर, एक सांगायचं होतं. पुढच्या वर्षीपासून कम्युनियनची मुलं जोसेफसर घेतील. समितीत सगळ्यांचं तसं ठरलं. तुम्ही लहान वर्ग घ्या. गाणी-बिणी." ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. एका निळ्या फ्रॉकची ही परतफेड, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

आत मांडवात केक आला होता. केकवर मेणबत्ती. सगळी पोरं ख्रिस्तसभेला वाढदिवसाचं गाणं म्हणत होती. पंख्याच्या वाऱ्यानं मेणबत्ती सारखी विझत होती आणि जोसेफसर हाताचा आडोसा धरून ती सारखी पेटवत होते. आग आणि वारा एका टेबलावर आले होते, पण पाहवेना. मला जेवायला वाढलं तर मी नको म्हणालो. भूक होती. बाहेर जाऊन मोटारसायकलचा स्वच्छ असलेला प्लग काढला आणि आणखी स्वच्छ करत बसलो. कोणीतरी विचारायला येईल असं वाटत होतं. कोणी आलं नाही. माझी बायको मार्था आत वाढायला होती. तीही आली नाही, त्याचा वेगळा राग.

आज या गोष्टीला काही वर्षं झाली. वेळापत्रक तेच आहे. परीक्षा अजून मे महिन्यात होते, टोल्यावरची पोरं अजून कमी येतात, आणि बैठकीत अजून त्यांना आवड कमी आहे. मी लहान वर्गाला गाणी शिकवतो. मला विचाराल तर त्यात शिक्षा काही नाही, गाणी मला येतात. पण जे मोठ्या वर्गात घोकलं जातं ते पाहून माझं पित्त खवळतं आणि ते तसं खवळत राहावं अशीच माझी इच्छा आहे.

त्या रविवारी घरी आल्यावर मी मार्थाला सगळं पुन्हा ऐकवलं. समिती, वेळापत्रक, केक, गाणी-बिणी. ती कांदा चिरत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं का तुमचं?"

"झालं."

"मंग ऐका. तुमी तिकडे गाडी पुसून राह्यले होते ना, तवा त्या पोरीनं पिशवीतून आंबा काढला. एकच होता. माह्याकडून सुरी मागतली. पयली फोड नेऊन क्रुसापाशी ठेवली. फादरनं पायलं अन् दुसरीकडे पायलं. मंग बाकीच्या फोडी एवढ्या एवढ्याशा करून सगळ्या पोराईले वाटल्या. जोसेफसरले बी देल्ली."

"त्यांनी घेतली?"

"शुगर हाय त्याईले. तरी घेतली. साल बी चोखली. सगळ्यात शेवटी कोय राह्यली, ते तिनं खाल्ली, कोपऱ्यात बसून, हात कोपरापर्यंत भरवून."

मी विचारलं, "माझ्यासाठी काही ठेवलं होतं का तिनं?"

"ठेवली होती ना एक फोड. लय वेळ हातात धरून बसली. म्हणे, सर येतीन. मी म्हटलं, दे बाई, मी देते त्याईले."

"मग कुठं आहे?"

"मी खाल्ली," मार्था म्हणाली. "गोड होती. तुमच्या त्या वेळच्या तोंडात वाया गेली असती."